वादळाचा मार

कुणीतरी खोटे बोलत होते. काचपट्टीवरच्या पेशी, नाहीतर सोबतची माहिती. डॉक्टर मृणालीने भिंग पुन्हा जुळवले.

धर्माजीच्या मनगटावर उठलेल्या गाठीचा तो तुकडा होता. सूक्ष्मदर्शकाखाली चरख्याच्या चातीसारख्या लांबट पेशी सैरावैरा पसरल्या होत्या. जागोजागी एकीच्या दोन होत होत्या. असा उतावीळपणा स्नायूंलगतच्या दुर्मीळ कर्करोगाचा. पण केंद्रके फिकी, एकसारखी. एकही विभाजन वेडेवाकडे नाही. गुन्हेगाराच्या चेहऱ्यावरची एवढी शांतता तिला खपत नव्हती.

तिने कर्करोग म्हटले की मुंबईचे सर्जन हात कोपरापासून काढणार होते. त्यांनीच कळवले होते: वादळात मार, तेव्हापासून गाठ, म्हणजे पाच वर्षे. मुरुडच्या किनाऱ्यावर वादळ म्हटले की पाच वर्षांपूर्वीचे चक्रीवादळच; कुठले, हे कुणी विचारत नाही. पण या वेगाने पाच वर्षे वाढलेली गाठ नारळाएवढी व्हायला हवी होती. ही सुपारीएवढीच होती.

तिने धर्माजीला आणि त्याच्या बायकोला बोलावून घेतले.

"वादळात हातावर काय पडलं, काका? माड? पत्रा?"

"पडलं न्हाय काय. शिंग लागलं."

"वादळाचं शिंग?"

"मग काय! चांगली दोन हायत त्याला."

आवडाबाईने कपाळावर हात मारला. "आवो मॅडम, बैल हाय तो! शर्यतीचा. ह्यांनीच वादळ नाव ठेवलंय. दिवाळीच्या पाडव्याला पुळणीच्या वाळूत ढुशी दिली, तरी घरात पयला घास त्याला. मी मागनं."

पाडवा होऊन महिनाही झाला नव्हता.

मृणाली परत भिंगावर वाकली. पेशी त्याच होत्या, तेवढ्याच उतावीळ. संशय मात्र ओसरत गेला. मार बसल्यावर भराभर उठणारी, कर्करोगाचे हुबेहूब सोंग आणणारी आणि पुढे बहुधा आपोआप विरून जाणारी एक गाठ असते. आयुष्यात एखाद्या वेळीच समोर येते. वर्षे तिच्या वाट्याला नसतात. असतात ते आठवडे.

धर्माजी तिचा चेहरा न्याहाळत होता. एका हाताने दुसरा हात त्याने घट्ट धरला होता.

"महिन्याभरात येवढी वाढली," तो पुटपुटला, "म्हंजी लईच वाईट ना?"

"नाही काका," ती म्हणाली. "सावकाश वाढली असती, तर हात गेला असता."