गुडघ्यांचं तेल

फिजिओथेरपिस्ट दारातच थबकली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी म्हातारा बाइंडर बसला होता आणि रोझमेरीच्या वाळलेल्या काडीवरची बारीक पानं एकेक करून खुडत होता. उजव्या हाताने.

तीन महिन्यांपूर्वी याच हाताची मूठ तिला उघडता आली नव्हती. अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि चाळीस वर्षं पुस्तकं शिवलेला हा माणूस हात काखेत घालून बसला. व्यायामाचं नाव काढू देईना. तिने दिलेला रबरी चेंडू त्याने खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय कुत्रं आहे, चेंडूशी खेळायला?" पाचव्या खेपेला त्याने तिला येऊच नका म्हणून बजावलं. आज त्याच्या बायकोचा निरोप आला होता : एकदा येऊन जा, काम आहे.

"बसा," बाइंडर म्हणाला. "पण मध्ये बोलू नका. गुंतलोय."

ती बसली. त्याने एक पान चिमटीत धरून मोडलं. ते नुसतंच वाकलं. त्याने ते बाजूला टाकलं. "ओलसर आहे. पाण्याचा अंश राहिला, की तेल कुबटलंच म्हणून समजा." मग पानं खलात घालून तो ती कुटू लागला. बत्ता वेडावाकडा पडत होता, पण पडत होता. कुटलेली पानं त्याने तेलाच्या भांड्यात ढकलली आणि बायकोने ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलं.

तेवढ्यात त्याने दोन आठवडे मुरलेल्या तेलाची बरणी पुढे ओढली. झाकण फिरवताना हात दोनदा घसरला. फिजिओथेरपिस्ट मदतीला अर्धी उठली. बायकोने नुसते डोळे वटारले. ती गुपचूप खाली बसली. बाइंडरने झाकणाला एक शिवी हासडली आणि तिसऱ्यांदा फिरवलं. झाकण निघालं. मग फडक्यात तेल ओतून त्याने पुरचुंडी दोन्ही हातांनी अशी पिळली, की मानेच्या शिरा वर आल्या. वाटीत हिरवट सोनेरी धार लागली.

चिमूट, बत्ता, झाकण, पीळ. तिने कागदावर लिहून दिलेला एकही व्यायाम सुटला नव्हता. आणि या पठ्ठ्याला त्याचा पत्ताच नव्हता!

"एवढा खटाटोप कशासाठी?" तिने विचारलं.

"हिचे गुडघे धरलेत," बायको चमचा आणायला वळली तशी तो हळूच म्हणाला. "जिना म्हटला की डोळ्यांत पाणी येतं. बाजारच्या तेलाने अंगावर पुरळ उठतं. मग करणार कोण? हातपाय गाळून बसायला मला फुरसत कुठंय?"

स्वतःसाठी बोट न हलवणारा माणूस बायकोसाठी घाम गाळत होता. आपल्याकडूनही काही व्हावं म्हणून ती बायकोला म्हणाली, "काकू, तुमचे गुडघेही बघते मी."

"बघा की. वर गच्चीवर चला, वाळत घातलेल्या काड्या परतायच्यात."

जिना उभा होता. आधाराला असावा म्हणून तिने काकूंपुढे हात केला. स्वयंपाकघराचं दार मागे बंद झालं मात्र, काकू दोन दोन पायऱ्या टाकत वर पोचल्यासुद्धा. ही धापा टाकत गच्चीवर आली तेव्हा त्या उकिडव्या बसून भराभर काड्या परतत होत्या.

"काकू, तुमचे गुडघे..."

"त्यांना काय धाड भरलीय!" काकू कुजबुजल्या. "ह्यांची चार बोटं सुटली, करंगळी तेवढी अजून हट्टाला पेटलीय. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तिच्यासाठी आता माझं काय दुखायला हवं, तेवढं सांगा."