हसू

कंडक्टर बायकोला आजच्या प्रवाशाचा किस्सा सांगत होता. "शेवटचा स्टॉप आला, तरी गडी घोरतोय. हलवून म्हटलं, उतरा राव. तर म्हणतो, गाडी परत जाणार ना? मग परतीचं तिकीट द्या, झोप अर्धीच झालीय."

बायकोच्या खांद्याला गचका बसला. तिने पदर तोंडावर दाबला, झटकन उठली आणि बाथरूममध्ये गेली. कडी लागली.

हे नेहमीचंच झालं होतं. त्याने तोंड उघडलं की ही उठून चालती व्हायची. ज्या किश्श्यांवर सगळा डेपो पोट धरून हसायचा, ते हिला एवढे बोचावेत? आपलं काही चुकलं की काय, हे त्याला उमगेना.

मग सोफ्यावर ती बसली होती त्या उशीवर त्याला ओल दिसली. चहा सांडला म्हणावं, तर दोन्ही कप भरलेले होते.

तो दाराशी गेला. "अगं, रागावलीस का?"

"नाही."

"मग रडतेस?"

"हसले," ती आतून म्हणाली. "हसले की सुटते."

"काय सुटते?"

त्याने वळून पुन्हा उशीकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले," ती म्हणाली. "खालचे स्नायू सैल पडलेत. आवळायचा व्यायाम दिलाय. बऱ्याच बायकांना होतं म्हणाल्या, बरंही होतं. मी आपली पाणीच कमी प्यायचे. ते तर आणखी वाईट, म्हणे."

"एकटीच गेलीस? मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर डेपोला कळलं असतं. आणि तुम्ही ते फार छान रंगवून सांगितलं असतं."

त्याच्या ओठांवर एक वाक्य आलंच होतं. चांगलं होतं, हमखास हशा पिकवणारं. त्याने ते गिळलं. आणि मग दुसरं काही सुचेचना. दाराच्या चौकटीला हात लावून तो नुसता उभा राहिला, नवीन गावात रस्ता चुकल्यासारखा.

"टॉवेल देऊ?" शेवटी त्याने विचारलं.

मग कडी सरकली, आणि फटीतून एक हात बाहेर आला.