आनंदाच्या बातम्या

“आणि आता आपल्या कॉलेजची सगळ्यात सुखी जोडी!” गॅझेट माइकमध्ये ओरडला आणि सभागृहातले झाडून सगळे वकील वळून तिच्याकडे बघायला लागले.

तिच्या तोंडात केक होता. तिने तो न चावताच गिळला.

गॅझेट म्हणजे माजी विद्यार्थी संघाचा चिटणीस. लॉ कॉलेजातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला प्रत्येकाची खबर असावी म्हणून तो हौसेने बातमीपत्र काढायचा. त्यात एकच सदर, ‘आनंदाच्या बातम्या’. कोण न्यायाधीश झालं, कोणाला नातू झाला, कोण वारलं, सगळं त्यातच. कोणी काही कळवलं की छापून मोकळं व्हायचं, हा त्याचा बाणा. खरंखोटं करणं हे कोर्टाचं काम, असं तो म्हणायचा.

तिने शेजारी बसलेल्या तारीखचा दंड घट्ट धरला. तारीख तिचा वर्गमित्र, आणि तिच्या घटस्फोटाच्या दाव्यात तिचा वकील. हे नाव त्याला तोंडी परीक्षेत पडलं होतं. पहिल्याच प्रश्नाला तो म्हणाला होता, “सर, उद्या सांगितलं तर चालेल का?”

“अरे, सोमवारी आपला शेवटचा युक्तिवाद आहे,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “‘गेल्या चार वर्षांत या माणसासोबत मी एकदाही हसलेले नाही’, असं शपथेवर लिहून दिलंय मी. तूच लिहायला लावलंस.”

“काय वाक्य आहे! अख्खा दावा त्याच्यावर उभा आहे,” तारीख म्हणाला. “मग हसू नकोस ना. वर जा, बक्षीस घे, खाली ये. आता नाही म्हणालीस तर भांडखोर ठरशील, आणि तुझ्या नवऱ्याला एवढे साक्षीदार फुकटात मिळतील.”

नवरा तोवर मंचावर पोचलाही होता. तोही त्याच वर्गातला, तोही वकील. त्याने हात पुढे केला. ती कठड्याला धरून चढली.

“हे तुला कोणी सांगितलं?” तिने ओठ न हलवता गॅझेटला विचारलं.

“तुझ्या नवऱ्यानेच कळवलं की! पंचवीस वर्षं, एक छप्पर, एक चूल. मी वाचताना रडलो अगं.”

“आम्ही वेगळे राहतो.”

“हो का? मग तेही छापू. पुढच्या अंकात.”

“आनंदाच्या बातम्यांत?”

“दुसरं सदर आहे कुठे?”

बक्षीस म्हणजे चांदीच्या रंगाची एक फोटोफ्रेम होती. रिकामी. फोटो आत्ताच काढायचा आणि तिच्यात घालायचा, अशी गॅझेटची कल्पना. दोघांनी तिची एकेक बाजू धरली, भांडणातली वस्तू धरतात तशी. मागे अध्यक्षांच्या खुर्चीत पुराव्याचा कायदा शिकवणारे सर बसले होते. म्हणजे झोपले होते. वर्गातही ते असेच बसायचे.

“हसा ताई,” फोटोग्राफर म्हणाला.

तिने उलटतपासणीचा चेहरा लावला. हा चेहरा बघून साक्षीदार पाणी मागायचे.

नवरा जरासा तिच्याकडे झुकला. चार वर्षं तो तिच्याशी फक्त नोटिशीतून बोलत आला होता. त्याला बायको नको होती; फक्त केस हरायची नव्हती. पण आत्ता त्याचा आवाज एकदम मागच्या बाकावरचा निघाला.

“सर झोपलेत. आठवतंय? एकाच शब्दाला जागे व्हायचे.”

“गप्प बस.”

“म्हणू?”

“नको.” आपल्या ‘नको’त दम नाही, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

त्याने मान खाली घातली आणि वर्गात म्हणायचा तसं हळूच म्हटलं, “हरकत आहे, सर.”

मागून, डोळे मिटलेलेच ठेवून, खणखणीत निकाल आला. “हरकत फेटाळण्यात येत आहे!”

ती हसली. आधी नुसती नाकातून, मग आवरेचना. डोळ्यांत पाणी आलं. पडेन की काय म्हणून तिने त्याचा खांदा धरला. फ्लॅश पडला. तिने वर बघितलं तर तोही हसत होता, आणि दिसत होता अगदी तोच, मागच्या बाकावरचा. इतकी वर्षं हा कुठे होता, असं तिच्या मनात येऊन गेलं.

“आला का?” त्याने फोटोग्राफरला विचारलं. हसू चेहऱ्यावरून गेलंही होतं, बटण दाबून दिवा घालवावा तसं.

“एक नंबर आलाय साहेब!”

“आजचा दिवस आणि वेळ येतो ना त्यावर?”

“येतो की.”

“मग तीन प्रती काढ. एक कोर्टाला, एक समोरच्या पक्षाला, एक माझ्या फायलीला.”

“समोरचा पक्ष म्हणजे कोण, साहेब?”

नवऱ्याने हनुवटीने तिच्याकडे दाखवलं.

खाली तारीख उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या त्याने मध्येच थांबवल्या आणि तिला हातानेच खूण केली. पुढची तारीख मागून घेऊ.

फोटोग्राफरने कॅमेरा फिरवून तिच्यापुढे धरला. “बघा ताई. पैसे दिले तरी लोक असं हसत नाहीत.”

तिने बघितलं. खूप वेळ बघितलं. फोटोत हरकत घेण्यासारखं काहीच नव्हतं.