सगळ्यांच्या मागे

भिंगरीने मोटरसायकलची सीट उचकटली, आतला फिल्टर अलगद ओढून काढला आणि इंजिनाकडे हवा जाते त्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला.

"घ्या आबा, तुमचं गिऱ्हाईक आलं."

आबा आधीच मागच्या अंगणात बूड टेकून बसले होते. पुढ्यात साबणाच्या पाण्याची बादली, बाह्या कोपरापर्यंत वर. गाडी लहान मुलांची होती, खाचखळग्यांच्या मैदानात उधळायची. टायर जाड, आवाज मोठा. फिल्टर म्हणजे टोपीएवढा फोम. इंजिन त्यातूनच श्वास घेतं आणि मैदानातली धूळ तिथेच अडते. तो धुवायचं काम नातीने आजोबांना दिलं होतं. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत.

आबांनी उभा जन्म बस चालवली होती. वेगावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ही गाडी घरात आली तीसुद्धा त्यांच्या एका अटीवर. शर्यतीत उतर, पण सगळ्यांच्या मागे राहायचं. अट मोडली की गाडी त्याच दिवशी घराबाहेर. आणि घरात आबांचा शब्द शेवटचा होता.

"मागच्या रविवारी कशी झाली शर्यत?" आबांनी फोम पाण्यात बुडवत विचारलं.

"नेहमीसारखीच. सगळ्यांच्या मागे."

"कुणाला ओलांडलंबिलांडलं नाहीस ना?"

"छे! मलाच सगळे ओलांडून गेले. एक पोरगी तर जाताना हात हलवून गेली."

स्वयंपाकघराच्या खिडकीत भिंगरीच्या आईला ठसका लागला. तिच्या कपाटात, रजयांच्या मागे, भिंगरीने जिंकलेले कप दाटीवाटीने उभे होते. आता आणखी एक आला तर एक रजई बाहेर काढावी लागणार होती.

आबा फोम नुसता दाबत होते आणि सोडत होते. पिळला की फाटतो. मग त्यांनी तो उजेडात धरून निरखला, झटकला आणि सावलीत दोरीवर टांगला.

"उद्या मोठी शर्यत ना? मीपण येतो."

भिंगरीच्या हातातला पाना खाली पडला. तिचे बाबा लगबगीने दारात आले.

"आबा, ऊन फार असतं तिथे."

"टोपी आहे मला."

"गुडघे दुखतील हो," आई खिडकीतून म्हणाली.

"खुर्ची घेऊ की."

"धूळ पण खूप उडते."

"ती मी दर आठवड्याला बघतोच आहे," आबा म्हणाले आणि बादली ओतायला उठले.

स्वयंपाकघरात तिघांची डोकी एकत्र आली.

"वर्षातली शेवटची शर्यत आहे," बाबा कुजबुजले. "आणि पोरगी जिंकणार, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल."

"जिंकली की गाडी गेली. ते कोण निस्तरणार?"

"आबांना दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं तर?"

"रविवारी? आणि अहो, त्यांना कवळी आहे!"

भिंगरी नखं कुरतडत होती. ती म्हणाली, "मी उद्या मागेच राहते. कप नको मला. गाडी राहू दे."



दुपारी फोम वाळला. भिंगरी अंगणात आली तेव्हा आबा त्यावर थोडं थोडं तेल सोडून बोटांनी जिरवत होते. तेलात धूळ चिकटते, म्हणून फोम कोरडा बसवायचा नसतो. ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"आबा, उद्या बघाच तुम्ही. मी अगदी सगळ्यांच्या..." ती बोटाने मातीत रेघोट्या ओढू लागली.

आबांचे हात थांबले नाहीत.

"मध्ये एकदा तू अंगात ताप असताना गेली होतीस. आठवतं?"

"हो."

"त्या रविवारनंतर हा फोम चिखलाचा गोळा होऊन आला होता. किती पाणी बदललं तरी तांबडंच. तेव्हा म्हटलं, या वेळी पोरगी खरंच मागे होती."

भिंगरीने चमकून वर पाहिलं.

"अगं, पुढच्यांची धूळ मागच्याच्या नाकात जाते. जन्मभर ट्रकांच्या मागे बस हाकली मी, मला सांगतेस? बाकी प्रत्येक वेळी हा आला तो जवळजवळ स्वच्छच. पुढे कुणी होतं याची खूण नाही."

"म्हणजे तुम्हाला... पहिल्यापासून?"

"पहिल्या वेळी तर असा चिडलो होतो! गाडी विकायचीच म्हणून उठलो होतो."

"मग?"

"मग म्हटलं, अजून एक रविवार बघू. तेव्हाही हा स्वच्छ. पुढे पुढे बुधवारपासूनच वाट बघायला लागलो, कधी एकदा सीट उघडतेस म्हणून." आबांनी तेलकट बोटं फडक्याला पुसली. "तुझ्या आईबापाला सांगू नकोस. चोरून वागताना गंमत वाटते बिचाऱ्यांना."

भिंगरीला एकदम हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. आबांनी भोकातला बोळा काढला, फोम फिल्टरच्या सांगाड्यावर चढवून जागेवर बसवला, कडेने बोट फिरवून कुठे फट नाही ना ते पाहिलं आणि सीट दाबून लावली.

"आणि उद्या मागे राहायचं नाव काढू नकोस," ते गुरगुरले. "धुताना हात मोडतात माझे."