जुना पत्ता

घर सोडून गेलेल्या धाकट्या भावासाठी तिने आपल्या कंपनीच्या वेबसाइटच्या एका कोपऱ्यात गुपचूप एक पान करून ठेवलं होतं. त्यावर आईचा एवढाच निरोप होता, "कुणी काही बोलणार नाही, तू ये." भावाचा फोन कायमचा बंद होण्याआधी त्या पानाचा पत्ता तिने त्याला पाठवला होता, फक्त त्यालाच. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती दारात चपला काढते न काढते तोच आई विचारायची, "आला होता का गं तो बघायला?"

"नाही, आई."

मग साहेबांनी साइटवरचे सगळे पत्ते सुटसुटीत करायला सांगितले. प्रत्येक पत्त्याच्या शेवटी लोंबणारी ती डॉट पीएचपीची शेपटी नको म्हणाले.

"जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट ठेवायची का?" शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं.

तिने यादीतल्या त्या एका पत्त्याकडे पाहिलं. "कशाला? तिकडे वर्षानुवर्षं चिटपाखरू फिरकलेलं नाही," ती म्हणाली आणि तिने सगळ्या शेपट्या छाटल्या.

सोमवारी सहकारी म्हणाला, "काल कुणीतरी एकच जुना पत्ता पुन्हा पुन्हा उघडून बघत होतं. 'असं पान नाही' एवढंच दिसलं असणार. शेवटी गेलं बिचारं कंटाळून." त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. पत्ता तिने भावाला पाठवलेल्या पानाचाच होता.

जुनी वाट तिने तिथल्या तिथे जोडून दिली आणि दिवसभर तिकडे डोळे लावून बसली. कुणी आलं नाही.

संध्याकाळी दारात आईने विचारलं, "आला होता का गं तो बघायला?"

"नाही, आई," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत हे उत्तर पहिल्यांदाच खोटं होतं.