कानातली शुद्ध मराठी

"आपणास आणखी एक पोळी वाढू का?" असं बिमलाबाईंनी विचारलेलं कारखानीस सरांना ऐकू आलं आणि शेजारी जेवायला बसलेल्या उपाध्यांना जोराचा ठसका लागला.

सरांनी पाण्याचा पेला पुढे सारला. "बघितलंत? ही अकोल्याकडची. 'पानी' आणि 'लोनी' ऐकून माझे कान किटले होते. तीस वर्षं वाक्यागणिक चुका दाखवल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी हे बसवून घेतलं." त्यांनी कानातल्या मण्याएवढ्या यंत्रावर बोट टेकवलं. समोरचा कितीही गावंढळ बोलो, सरांच्या कानात त्याच्याच आवाजात शुद्ध, सुसंस्कृत मराठी उतरायची. भाजीवाला, रखवालदार, घरची बायको, सगळे एका दिवसात सुधारले होते. "तुमचं कुठंय?"

"दुरुस्तीला दिलंय," उपाध्ये चाचरत म्हणाले. "सर, तुम्हीही जरा काढून ऐका."

पाहुण्याला अडाणीपणाचा नमुना दाखवावा म्हणून सरांनी नाक मुरडत यंत्र काढलं. "हं, आता पुन्हा म्हण."

बिमलाबाईंनी पोळी ताटात टाकली. चेहऱ्यावर रोजचंच मधाळ हसू होतं.

"तीस वर्सं माहं डोकं खाल्लं, आता गुमान पोयी खाय, बुढ्या!"

चूक दाखवायला सरांनी सवयीनं तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि घाईघाईनं यंत्र कानात खुपसलं.

बिमलाबाई हसत आणखी काहीतरी म्हणाल्या.

"आपली कृपा आहे," सरांना ऐकू आलं.

उपाध्यांना पुन्हा ठसका लागला. या वेळी सरांनी ताटातून मान वर केली नाही.