खाल्लेला 'स'

कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावरची उतरती रेघ बुवांना दाखवली. "आजोबा, 'स', 'श' असे बारीक आवाज तुमच्या कानात शिरतच नाहीत. सात-आठ वर्षं तरी झाली असतील."

"मला वाटायचं, हल्ली लोकच बोबडे झालेत," बुवा हसत म्हणाले, आणि एकदम त्यांना बायको आठवली.

चाळीस वर्षं ते कीर्तन करत आले होते, आणि त्यांच्या मागे उभी राहून बायको ओळ उचलून धरायची. सहा वर्षांपूर्वी भर सभेत त्यांनी तिला थांबवलं होतं. "अगं, 'स' खातेस तू! देवाच्या नावाची अशी कुरतड मला नाही चालायची." लोक हसले. ती खाली बसली, ती पुन्हा कधी उभी राहिलीच नाही.

कानात नवं यंत्र घालून बुवा घरी आले. ती भाजी निवडत होती.

"चूक माझ्या कानांची होती गं. उद्यापासून माझ्यामागे उभी राहा."

तिने मान वर केली नाही. "आता नाही हो जमायचं. सवय गेली, सूरही गेला."

दोन्ही 'स' बुवांना लख्ख ऐकू आले.